टिंब राहिलं

काल संध्याकाळी सिंधूचा मेसेज आला, ‘उद्या कुणाच काढायच’. दोन ठिकाणी टिंब नाही, शेवटी प्रश्नचिन्ह नाही. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलेल्या बाईच्या डोळ्यांत असलं लिखाण कुसळासारखं जातं. पण हल्ली मी कुणाला दुरुस्त करत नाही. टिंबांविषयी तोंड उघडण्याचा माझा अधिकार तीन सुग्यांपूर्वी गेला. तो कसा गेला ते लिहायला आज दुपारी बसलेय, उजव्या तळहाताला फडकं गुंडाळून.

माघ सरत आला की आमच्या कर्जत तालुक्यातल्या रानाचा आवाज बदलतो. पौषात हुरड्याच्या वेळी ज्वारी ओली असते, वारा तिच्यातून गुपचूप निघून जातो. आता पानं वाळली, की जरा झुळूक आली तरी सगळं शिवार कागद चुरगाळल्यासारखं वाजायला लागतं. पाखरं हाकून हाकून सगळ्यांचे घसे बसलेले असतात. सकाळी दवानं पानं मऊ पडतात, तेवढ्या वेळात काय ते काम उरकायचं. ऊन चढलं की हीच पानं हात कापतात. आमच्याकडं विळा लावत नाहीत, ज्वारीचं ताट मुळापासून उपटतात. काळ्या रानात ते सुखासुखी येत नाही. दोन्ही हातांनी धरायचं, कमरेतून मागं झुकायचं, आणि मूळ सुटून ढेकळासकट वर आलं की मातीचा जो गार वास येतो, त्या वासावर मी या वयातही भाळलेली आहे. मुळाची माती पायावर आपटून झाडायची, ताट आडवं टाकायचं, पुढचं धरायचं. अंगभर कणसांची बारीक कूस चावते. पदर डोक्यावरून घेतला तर उकडतं, काढला तर कूस केसांत जाते. कुरकुर करत करत मला हे सगळं फार आवडतं.

हे काही एका घराचं काम नाही. म्हणून आमच्याकडं सावड असते. आज सगळ्यांनी माझ्या रानात यायचं, उद्या सगळ्यांनी तुमच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. भाकरी ज्याची त्यानं आणायची आणि एकमेकांच्या फडक्यातली खायची. रानात उतरलं की ज्यानं त्यानं आपली पात धरायची, म्हणजे समोरच्या बांधापर्यंतचा आपला पट्टा. शेजारच्या पातीवरचं माणूस त्या दिवसापुरतं आपलं. त्याच्याशी बोलायचं, भांडायचं, आणि ते मागं राहिलं तर त्याची चार ताटं आपण उपटायची.

पूर्वी उद्या कुणाच्या रानात जायचं ते सकाळी डेअरीवर दूध घालताना ठरायचं. मग मोबाईल आले. मी रिटायर होऊन गावातच राहिलेली, हाताशी रिकामा वेळ, मराठी टायपिंग येत असलेलं, शिवाय पुढारपणाची हौस. मी ‘सावड’ नावाचा ग्रुप काढला आणि त्याची ॲडमिन झाले. ग्रुपसुद्धा आपण काढतोच, बघा. या शब्दाला आपण मराठी माणसं फार राबवतो. ज्वारी काढायची, धार काढायची, फोटो काढायचा, जुना विषय काढायचा, माणूस लांब गेलं की त्याची आठवण काढायची. मोबाईलनं त्यात एकाची भर घातली. माणूस काढायचा.

आमच्या बांधाला बांध लागून नानांचं रान आहे. नाना आमच्या ह्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, आता सत्तरी ओलांडलेले. बोटं जाडजूड, त्यामुळं टाईप करायचं नाव नाही. ते बोलून पाठवायचे. कणीस खाताना धरतात तसा फोन तोंडासमोर आडवा धरायचा आणि ओरडायचं, “हालू! ऐकू येतंय का?” आणि मग थांबायचे. खरोखर थांबायचे. पलीकडून कुणीतरी ‘येतंय’ म्हणेल अशी त्यांची समजूत. त्या थांबण्यात नानींच्या बांगड्या, म्हशीची साखळी, कुठंतरी लांब ओरडणारा तित्तर असं काहीबाही ऐकू यायचं. मग समाधान झाल्यासारखं “हां, तर मंडळी,” म्हणून गडी सुरू.

“नाना, त्यात मधी उत्तर येत नसतं हो,” मी कितीदा सांगितलं.

“न्हाई आलं तर न्हाई आलं,” नाना म्हणायचे, “इचारायचं आपलं काम हाय.”

आम्ही हसायचो. मीच सगळ्यात जास्त हसायचे.

नानांचा मेसेज म्हणजे सगळ्या शिवाराची खबर असायची. “सिंधीच्या वरच्या तुकड्यात कनसं वाकल्यात, तिचं आधी घ्या. बाईंचं आजून हिरवं हाय, घाई करू नगा.” दर सुगीला पहिल्या दिवशी एक धडा ठरलेला. “कनीस हातात घ्या. दाना काढा. त्याचं बूड बघा. काळं टिंब आलंय का? आलं आसंल तर दाना भरला, खुशाल काढा. टिंब बघितल्याबिगर काढलं तर दाना सुकून बारका व्हतोय. मंग भाकर खाताना माझी आठवन काढाल.” हे सगळ्यांना पाठ होतं. तरी पहिल्या दिवशी ते नानांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नसे.

टिंब हा शब्द आमच्या दोघांत फार जुना. मी या गावात सून म्हणून आणि बाई म्हणून एकदमच आले. शाळा सुटल्यावर मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायचा असे. पहिल्या आठवड्यात वर्ग भरून गेला, महिन्यानं चार बायका आणि नाना उरले. नाना पाटीवर नाक टेकवून लिहायचे. अक्षर ठसठशीत, पण टिंब एकाही शब्दावर नाही. ‘माझ रान’, ‘आमच गाव’. मी ओरडायचे, “नाना, टिंब!” ते पाटी पुसायचे आणि म्हणायचे, “बाई, दान्याला टिंब यायला चार महिनं लागत्यात. माज्या अक्षराला बी येऊ द्या की दमादमानं.”

वाचायला शिकवताना मी त्यांना एकच युक्ती सांगितली होती. अडलं की मोठ्यानं वाचायचं. डोळे चुकतात, कान चुकत नाहीत. मग काय, नाना कर्जतच्या स्टँडवर उभे राहून एसटीची पाटी बोट दाखवून मोठ्यानं वाचायचे, सगळं स्टँड वळून बघायचं. पुढं वाचन सुटलं असणार, असं मी आपलं धरून चालले होते.

आता त्या सुगीचं सांगते.

आमच्या गावाला मोठं गायरान होतं. त्या माळावर सौर प्रकल्प आणायचं चाललं होतं, गायरान कंपनीला लांब मुदतीनं द्यायचं. गावातल्या बहुतेकांना ते हवं होतं. मलाही. आमच्या ह्यांना पाणी द्यायला अपरात्री रानात जावं लागे, कारण वीज तेव्हाच यायची. एकदा त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर घोणस होती. दिवसा वीज मिळणार म्हटल्यावर मी दुसरं काही ऐकूनच घ्यायला तयार नव्हते. मला अजूनही त्यात माझी चूक वाटत नाही.

नानांचं मत उलटं होतं. आणि नानांना मत असलं की ते पोटात राहत नसे. “गायरान गावाचं न्हाई, मुक्या जनावरांचं हाय. ग्रामसभेत हात वर करताना कुनी शेळ्यांना इचारलं का?” हे ग्रामसभेत बोलून झालं, डेअरीवर बोलून झालं, मग ग्रुपवर सुरू झालं. आम्ही ठरवावं उद्या कुणाच्या रानात जायचं, आणि मधेच नानांचं “हालू, ऐकू येतंय का?”, पुढं सहा मिनिटं माळ. कुणीतरी लिहिलं, ‘नाना हा काढणीचा ग्रुप आहे’. मी लिहिलं, ‘विषयाला धरून बोलावे’, आणि खाली नमस्काराचा हात टाकला. नाना कसले ऐकतात!

डेअरीवर हे असं झालं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही. तिथं नाना तावातावानं बोलायचे, कुणी तरी म्हणायचं, “नाना, कॅन पुढं घ्या आधी,” सगळे हसायचे, नानाही हसायचे. पुढं-मागं उभं राहून दूध घालायचं तर दोघांना घालावंच लागतं. तिथून माणूस काढायची सोय नव्हती, म्हणून कुणाच्या डोक्यात ते येतही नसे. माझ्या हातात मात्र ती सोय होती.

त्या संध्याकाळी मी चहा ठेवला होता. फोन वाजला. नाना. “हालू, ऐकू येतंय का?” थांबले. मागं तित्तर ओरडत होता. “हां, तर मंडळी. बाईंनी शाळंत असताना पोरांकडनं ह्याच माळावर झाडं लावून घेतली हुती. पोरं डब्या-डब्यानं पानी घालायची. आता त्याच बाई म्हनत्यात, माळ देऊन टाका. मंग पोरांना शिकीवलं ते खरं, का आत्ता म्हनत्यात ते खरं?”

चहा उतू गेला. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. सगळ्या ग्रुपात, माझ्या विद्यार्थ्यांसमोर, त्यांच्या बायकांसमोर! मी ते पुन्हा ऐकलं. राग अशासाठी आला की मला उत्तर सुचेना. त्यातल्या दोन कडुलिंबांना मी स्वतः कुंपण केलं होतं.

तेवढ्यात सिंधूचा मेसेज आला. सिंधू माझीच विद्यार्थिनी, आता सावडीची मुकादमीण. तिनं लिहिलं होतं, ‘नानाच काढा आता’. बघता बघता त्याखाली अंगठे उमटायला लागले. मी मोजले, बारा. म्हणजे सगळ्यांनाच नाना नको झालेत तर! माझ्या मनात जे होतं तेच बाराजण म्हणत होते. मी नानांच्या नावावर बोट दाबून धरलं. फोननं विचारलं, काढायचं का? मी हो म्हटलं. ग्रुपात बारीक करड्या अक्षरांत ओळ उमटली, नानांना काढून टाकल्याची. मी चहा गाळला आणि प्यायले. चांगला लागला, हे लक्षात आहे.

सकाळी दिवस उगवायला सिंधू दारात. हाताला फडकी बांधलेली.

“बाई, चला की. नानाचं काढायचंय ना!”

“काढलं की काल,” मी म्हटलं.

“काल कवा? कनसं झडाय लागल्यात त्याची. म्हनून तर मेसेज टाकला म्या, आधी त्याचं काढा म्हनून. सगळे व्हय म्हनले की!”

मी फोन उघडला. ‘नानाच काढा आता’. टिंब राहिलं होतं. बाराजणांनी अंगठे दिले होते ते नानांची ज्वारी काढायला. सिंधूनंही मग ती करडी ओळ बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि नुसतं “अगं बया” म्हणाली.

आम्ही गेलो तेव्हा नाना आणि नानी रानात उतरलेले होते. आम्हाला बघून नाना बांधावर आले.

“काल मला काढलं,” ते म्हणाले, “आन् आज माजी ज्वारी काढाय आलात व्हय?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. मी म्हटलं, “नाना, चुकून झालं हो. बोट लागलं.”

“बोट लागलं,” नाना म्हणाले. मग सगळ्यांना म्हणाले, “जावा मंडळी. आमचं आमी काढतो.”

आम्ही माघारी फिरलो. त्या दोघांनीच ते सगळं रान काढलं. फाल्गुनातलं ऊन पेटलं तरी त्यांचं चालूच होतं. आमच्या रानातून मला दोघं दिसायचे, नानी पेंढ्या बांधताना मधेच कंबर धरून उभ्या राहायच्या. निम्मी कणसं पाखरांनी खाल्ली. मला त्या वर्षी भाकरी गोड लागली नाही, हे मी कुणाला बोलले नाही.

महिन्याभरानं नाना बाकीच्यांशी बोलायला लागले. कसे ते मला कळलं नाही. पुढच्या सुगीला सगळ्यांच्या रानात गेले, सगळे त्यांच्या रानात गेले. फक्त आमच्या बांधापाशी आले की वळून जायचे. मी गुडघ्याचं निमित्त सांगून त्यांच्या रानात जायचं टाळायचे. मी एकदा त्यांना ग्रुपची लिंक पाठवली, ती त्यांनी उघडली नाही. मी मनाशी म्हटलं, म्हातारा हेकट आहे, अजून माळाचाच राग धरून बसलाय. असं म्हटलं की बरं पडायचं.

माळावर पुढं सौर प्लेटा आल्या. आता दिवसा वीज येते, आमचे हे रात्री घरी झोपतात. तारेच्या कुंपणाबाहेर शेळ्या रस्त्याच्या कडेचं गाजरगवत हुंगत फिरतात, आणि दोन घरांनी शेळ्या मोडल्या. निम्मं माझं खरं झालं, निम्मं नानांचं. निकाल लावायला मी बसलेली नाही.

ग्रुप मात्र शांत झाला. इतका शहाण्यासारखा, की शाळा तपासणीच्या दिवशी वर्ग बसतो तसा. ‘उद्या माझ’, ‘ओके’, अंगठा. सकाळी गुलाबाची फुलं. वेगळं मत कुणी मांडतच नाही. मला मोठी ॲडमिन समजून घाबरतात की काय, देवाला ठाऊक! सुगीच्या पहिल्या दिवशी मी स्वतः लिहिलं, ‘दाण्याच्या बुडाचा काळा ठिपका तपासून मगच काढणी करावी.’ शुद्धलेखनाची एक चूक नाही. कुणी वाचलंसुद्धा नाही. मी स्वयंपाक करता करता जुन्या मेसेजांत मागं मागं जायचे आणि नानांचं जुनं काहीतरी लावायचे. कानाला लावून ऐकायचे, ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. बोलण्यापेक्षा ते सुरुवातीचं थांबणंच मला हवं असायचं. ‘ऐकू येतंय का?’ आणि मग म्हशीची साखळी.

माझा भाचा नागापूरला एमआयडीसीत कामाला आहे. त्याला एकदा नाव न घेता सगळं सांगितलं. तो हसला. “आत्या, एवढं काय त्यात? मी रोज दोघातिघांना उडवतो. डोक्याला ताप कशाला?”

“मग बोलतोस कुणाशी?”

“आपल्यासारख्यांशी.”

टीव्हीवरही हेच. कुणाचं खातं बंद झालं की एक बाजू टाळ्या वाजवते, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं झालं की दुसरी. शिव्या देणाऱ्याला, कुणाच्या जिवावर उठणाऱ्याला बाहेर काढावं, यात मला शंका नाही. मीही वर्गात दंगा करणाऱ्याला बाहेर उभं करायचे. पण खिडकी उघडी असायची, त्याला आतला धडा ऐकू जायचा, आणि घंटेच्या आधी त्याला आत घ्यायचं हा माझा नियम होता. नानांनी तर दंगाही केला नव्हता. प्रश्न विचारला होता.

मागच्या पावसाळ्यात माझ्यावरच पाळी आली. आम्हा रिटायर शिक्षकांचा एक ग्रुप होता. तिथं मी लिहिलं, की कमी पटाच्या शाळा बंद करू नयेत, वस्तीवरच्या पोरी लांबच्या शाळेत जाणार नाहीत. कुणीतरी म्हणालं, राजकारण नको. मी म्हटलं, शिक्षकांनी शाळेविषयी बोलायचं नाही तर काय गुलाबाविषयी बोलायचं? संध्याकाळी बघते तर मी बाहेर. लिहायची जागाच गायब. ज्यांच्याबरोबर बदल्या भोगल्या, डबे खाल्ले, त्यातल्या एकीनंही फोन केला नाही. मी वेड्यासारखी वरचे जुने मेसेज पुन्हा पुन्हा वाचत बसले. कोण कधी काय म्हणालं, कुणी अंगठा दिला, कुणी दिला नाही.

वाचता वाचता माझं बोट थांबलं. म्हणजे काढलेल्या माणसाकडं जुनं सगळं तसंच राहतं! सिंधूचा तो मेसेज, ते बारा अंगठे, नानांच्या फोनमध्ये आहेत. तीन वर्षं आहेत. आणि नानांना मी वाचायला शिकवलेलं आहे.

तेव्हापासून जायचं म्हणत होते, पाय उचलत नव्हता. काल सिंधूनं ‘उद्या कुणाच काढायच’ विचारलं आणि मी लिहून टाकलं, ‘नानांचं काढू. सांगायला मी जाते.’ दोन्ही टिंबं दिली. मग अंगठे यायला लागले, आणि सिंधूनं लिहिलं, ‘बर झाल बाई’.

आज सगळ्यांच्या आधी गेले. दव इतकं होतं की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. नाना कडेच्या पातीवर होते. मी शेजारची पात धरली. त्यांनी बघितलं आणि पुढचं ताट धरलं. पहिल्याच ताटाला तळहात सोलला. तीन वर्षं टाळाटाळ केलेला हात तो. दोघांची ताटं पडल्याचा आवाज तेवढा येत होता. मी मागं पडले. जरा वेळानं बघते तर माझ्या पातीतली पुढची चार ताटं उपटून पडलेली.

बांधाला लागलो तेव्हा नाना टेकले. मी उभीच राहिले. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं, आता पाळी माझी होती.

“नाना, बोट लागलं नव्हतं,” मी म्हटलं. “मला राग आला होता. माझ्या वर्मावर बोललात म्हणून आला. सिंधूचं टिंब राहिलं होतं, आणि मला पाहिजे होतं तसं मी वाचलं. गावाला खोटं सांगितलं.”

नानांनी कोपरीच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग माझ्यासमोर धरला. ‘सावड’. त्यांनी तो पुसलाच नव्हता. जाड बोट अक्षराखाली ठेवून ते वाचायला लागले, “ना… ना… च… का… ढा.”

मी मान खाली घातली.

“म्या बी पैल्यांदा आसंच वाचलं,” नाना म्हणाले. “बारा अंगठं बघितलं. जेवान ग्वाड लागंना. मंग म्हैन्याभरानं म्हन्लं, पुन्यांदा वाचावं. तुमीच शिकीवलंय, आडलं की मोठ्यांदा वाचायचं. मोठ्यांदा वाचलं तवा कळलं, सिंधी आसं म्हनायची न्हाई. तिचं टिंब ऱ्हायलंय. तवा बाराजन सुटलं.”

“आणि मी?”

“तुमी ऱ्हायल्या. म्हन्लं, येतील बाई. भाईर हुबं केलं तरी घंटीच्या आदी आत घेत्यात त्या.” त्यांनी बाजूच्या ताटाचं कणीस ओढलं, नखानं एक दाणा काढला आणि माझ्या सोललेल्या तळहातावर ठेवला, बूड वर करून. काळं टिंब स्पष्ट दिसत होतं. “पर लई येळ लावला. आन् टिंब बघितल्याबिगर काढलं बाई तुमी मला.”

मला रडू आलं. नानांनी दुसरीकडं बघितलं. लांबून सिंधू आणि बाकीचे येताना दिसत होते, कुणाच्या तरी हातात चहाची किटली होती.

“परत घेऊ का ग्रुपात?” डोळे पुसून मी विचारलं.

“घ्या. पर माळाचं म्या बोलनारच. आजून पटलं न्हाई मला.”

“मलाही तुमचं पटलेलं नाही,” मी म्हटलं.

“मंग बरं हाय,” नाना म्हणाले आणि पात धरायला उठले.

दुपारी घरी आले, हात धुतले, फडकं बांधलं आणि आधी ते काम केलं. मग हे लिहायला बसले. आत्ता इथपर्यंत आले आणि फोन वाजला. नानांना परत घेतल्याच्या करड्या ओळीच्या खाली, तीन सुग्यांनंतर, त्यांचा आवाज. “हालू! ऐकू येतंय का?” आणि थांबले. मागं नानींच्या बांगड्या वाजल्या. तित्तर ओरडला.

“येतंय, नाना,” मी मोठ्यानं म्हणाले.